गेममधल्या कॅरेक्टरला जपानी समारंभी पोशाख: नवशिक्यांसाठी एक पायरीवार वाट

जपानी कॅरेक्टर काढायचं म्हटलं की नवख्या डिझायनरच्या फाइलमध्ये पहिल्या तासाभरात काय जमा होणार ते ठरलेलं असतं. चेरीची फुलं, ड्रॅगन, लाल-सोनेरी किनार, कमरेला दोन तलवारी, पाठीवर भलीमोठी गाठ. चित्र झकास दिसतं, पण हा माणूस कोण, कुठल्या काळातला, निघालाय कुठे, यातलं काहीच कळत नाही. जपानचा समारंभी पोशाख वरून कमालीचा शिस्तीचा असतो. रंग, बोधचिन्हं, गाठी, सगळं आधीच ठरलेलं. स्वभाव दाखवायला त्यात थोड्याच जागा सुटतात: अस्तर, चिन्हाची निवड, हातातली वस्तू, मारामारीच्या वेळी बाह्या बांधायची पद्धत. डिझायनरने वरची शिस्त जशीच्या तशी ठेवावी आणि आपली कारागिरी या जागांमध्ये करावी, असं माझं ठाम मत आहे.

उदाहरणाला पुरुषाचा सर्वांत औपचारिक पोशाख घेऊ: काळा मोन्त्सुकी हाओरी हाकामा. मोन्त्सुकी म्हणजे घराण्याचं चिन्ह असलेला, हाओरी म्हणजे वरचा डगला, आणि हाकामा म्हणजे कमरेखालचा चुणीदार पायघोळ. कॅरेक्टरही ठरवून टाकू. 1880 च्या सुमाराचं तोक्यो. पूर्वीचा सामुराई, आता कर्जवसुलीच्या भांडणांत मध्यस्थी करून पोट भरणारा. गेम थर्ड पर्सन अ‍ॅक्शन, म्हणजे कॅमेरा बहुतेक वेळ त्याच्या पाठीमागे. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर चित्राला क्रिता आणि मॉडेलला ब्लेंडर, दोन्ही फुकट आहेत आणि भरपूर झाले.

पहिली पायरी: साल आणि प्रसंग

पेन्सिल उचलण्याआधी साल लिहा. हेइआन काळातल्या दरबारी बायकांचे एकावर एक चढवलेले थर, एदो काळातल्या सामुराईंचे खांद्यावर पंखासारखे ताठ उभे राहणारे कामिशिमो आणि मेइजी काळात (1868 ते 1912) रूढ झालेला काळा हाओरी-हाकामा, या तीन वेगळ्या दुनिया आहेत. सोळाव्या शतकातल्या लढवय्याला हा काळा पोशाख घातलात तर जाणकार खेळाडू पहिल्याच दृश्यात पकडेल.

साल लिहिलं की अर्धं डिझाइन आपोआप होतं. 1871 मध्ये सरकारने शेंडी उतरवून केस कापायची मोकळीक दिली, म्हणजे आपल्या माणसाचे केस आखूड असू शकतात. 1876 मध्ये सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी आली. सूट होती ती सैनिक-पोलिसांसारख्या मोजक्या लोकांना. म्हणजे 1880 मध्ये आपल्या मध्यस्थाच्या कमरेला तलवार नाही! नवशिक्याला इथे रडू कोसळतं, पण खरी गंमत इथूनच सुरू होते. समारंभी पोशाखासोबत पुरुषाच्या हाती मिटलेला पांढरा पंखा शोभतो. आणि सामुराईंकडे तेस्सेन नावाचा लोखंडी पंखा असायचा. काही तेस्सेन तर उघडायचेच नाहीत, नुसता मिटलेल्या पंख्याच्या आकाराचा भरीव लोखंडी दांडा. आपल्या माणसाचं हत्यार ठरलं. कायद्याला धक्का नाही, शिष्टाचारालाही नाही, आणि माणूस कसा आहे तेही कळलं.

दुसरी पायरी: कापडाची रचना

ही पायरी टाळली तर पुढचं सगळं शर्टावर ओढलेल्या झग्यासारखं दिसतं, म्हणून इथे घाई नको.

किमोनोचं कापड अरुंद पट्ट्याच्या ताग्यात येतं. रुंदी साधारण 36 ते 38 सेंटिमीटर, लांबी 12 मीटरच्या आसपास. पुरुषांसाठी थोडा रुंद तागाही मिळतो. हे कापड सरळ रेषेत कापतात. अंगाला आकार मिळतो तो नेसण्यातून आणि बांधण्यातून. नऊवारी नेसलेली पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

मुख्य तुकडे आठ: अंगाचे दोन, बाह्यांचे दोन, पुढच्या बाजूला रुंदी वाढवणारे दोन अरुंद पट्टे, एक गळपट्टी आणि तिच्यावरची एक जादा पट्टी. अंगाचा तुकडा पुढच्या खालच्या कडेपासून खांद्यावरून थेट मागच्या कडेपर्यंत सलग जातो, म्हणजे खांद्यावर शिवण नसते. शिवण असते ती पाठीच्या मधोमध, मानेपासून खालपर्यंत. आणि अंगाचा तुकडा खांद्यापेक्षा रुंद असल्यामुळे बाही जोडल्याची शिवण खांद्याच्या टोकावर न येता दंडावर उतरते. नवख्यांच्या दहापैकी नऊ चित्रांत ती शर्टासारखी खांद्यावर असते. बाकी काही आठवलं नाही तरी ही शिवण दंडावर न्या, चित्र लगेच खरं वाटायला लागतं.

मॉडेल करणाऱ्याला या सरळ तुकड्यांचा फायदाच होतो. यूव्ही उलगडताना, म्हणजे टेक्स्चर रंगवण्यासाठी मॉडेलचा पृष्ठभाग सपाट पसरताना, प्रत्येक तुकडा लांबट आयत म्हणून मांडता येतो, ताणाताण जवळजवळ होत नाही. अंगाचा तुकडा एकाच सलग पट्ट्यात ठेवा. मात्र त्यावर वर-खाली असलेली नक्षी असेल तर ती पुढे सुलटी आणि मागे उलटी होईल, हे आधीच लक्षात घ्या. आपला किमोनो साधा काळा आहे, आपण सुटलो.

तिसरी पायरी: डावा पदर वर

किमोनोची उजवी बाजू आधी अंगाला लागते आणि डावी तिच्यावर येते. बाई असो वा पुरुष, नियम एकच. इ.स. 719 मध्ये राजाज्ञेने तो सगळ्या प्रजेला लागू केला. उलटं नेसवतात ते मृतदेहाला. समोरून पाहताना गळ्याशी इंग्रजी लिपीतला छोटा वाय दिसला की बरोबर आहे.

एवढं तर सगळेच वाचून येतात. गेममध्ये घोळ होतो तो दुसरीकडून. टूडी गेममध्ये कॅरेक्टर डावीकडे वळलं की स्प्राइट, म्हणजे त्याचं चित्र, आडवा उलटवतात, आणि माणूस दर वळणाला मेल्यासारखा नेसलेला दिसतो. थ्रीडीत अर्धं शरीर बनवून मिरर करायची सवय असते, तिथेही तेच. समोर एकावर एक येणारे पदर मिररमध्ये बसत नाहीत. म्हणून शरीर, हात, बाह्या मिरर करून घ्या, मग मिरर मोडिफायर लागू करून टाका आणि पुढचे पदर हाताने वेगळे बनवा. हाकामाच्या पुढच्या चुण्यांचंही असंच आहे. त्या पाच असतात, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन. टूडीवाल्यांना डाव्या-उजव्या बाजूंची वेगळी चित्रं काढावी लागतील. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

चौथी पायरी: थर, आतून बाहेर

प्रत्येक थर वेगळ्या लेयरवर काढा, जे झाकलं जाणार तेसुद्धा. मारामारीत हाओरी उतरणार आहे, तेव्हा आतलं दिसेलच.

सर्वांत आत नागाजुबान, म्हणजे आतला लांब झगा. त्याच्या गळपट्टीची पांढरी कड वरच्या किमोनोतून बारीकशी डोकावते. समारंभाला ती पांढरीच. काळ्या पोशाखात चेहऱ्याखाली ही एकच उजळ रेघ असते आणि डोळा आधी तिथेच जातो, म्हणून ती स्वच्छ, सरळ ठेवा. वर काळा किमोनो. पुरुषाची गळपट्टी मानेला लागून बसते. मानेमागे ओढून घेतलेला गळा बायकांचा, तो इथे नको.

मग ओबी, म्हणजे कमरेचा पट्टा. पुरुषाचा ओबी साधारण नऊ-दहा सेंटिमीटर रुंद आणि तो पोटाखाली, नितंबांच्या हाडांवर बसतो. बायकांसारखा छातीखाली बांधलात तर माणूस पोरगेला दिसतो. जरा खाली सरकवलात की त्याला वजन येतं.

ओबीवर हाकामा. मागच्या बाजूला कमरेशी एक ताठ चौकोनी फळी असते, ती ओबीच्या गाठीवर टेकते. त्यामुळे बाजूने पाहिलं तर हाकामा मागे उंच आणि पुढे खाली असा तिरका बसतो. दोन्ही कुशींना तिकोनी फट राहते, त्यातून आतला किमोनो दिसतो. सिल्हूटमध्ये, म्हणजे बाह्याकृतीत, हा तिरकेपणा आणि ही फट हवीच. समारंभाचा हाकामा म्हणजे सेन्दाइहिरा, बारीक उभ्या रेघांचं भारी रेशीम. कागदावर सुंदर दिसतं, पण स्क्रीनवर कॅमेरा लांब गेला की या बारीक रेघा लुकलुकायला लागतात. रेघांमधला उजेड-काळोख कमी ठेवा आणि खऱ्यापेक्षा थोड्या जाड करा.

सर्वांत वर हाओरी. त्याच्या पुढच्या कडा एकावर एक येत नाहीत, समोरून उघडाच राहतो आणि छातीवर पांढऱ्या दोऱ्याने बांधतात. गळपट्टी बाहेरच्या बाजूला दुमडलेली असते. पायांत पांढरे ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे, आणि पांढऱ्या पट्ट्यांच्या सपाट सेत्ता चपला. उंच लाकडी चपला या पोशाखावर घालू नका.

पाचवी पायरी: पाच चिन्हं

या पोशाखावर घराण्याचं बोधचिन्ह पाच ठिकाणी येतं: छातीवर दोन, बाह्यांच्या मागच्या बाजूला दोन आणि पाठीवर मानेखाली, मधल्या शिवणीवर एक. पाच म्हणजे सर्वोच्च मान. तीन किंवा एक असली की पोशाख तेवढा खाली येतो. आता कॅमेरा आठवा, तो पाठीमागे आहे. पाचातली तीन चिन्हं खेळाडूच्या डोळ्यांसमोर सतत राहणार. तुमच्या कॅरेक्टरची ओळख या तीन पांढऱ्या गोलांवर टिकणार आहे, तेव्हा इथे वेळ घालवा.

काही चिन्हं टाळाच. सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल राजघराण्याचं, पावलोनियाची पानं-फुलं जपान सरकार वापरतं, आणि गोलातली तीन अओई पानं म्हटली की लोकांना एदो काळातलं तोकुगावा हे सत्ताधारी घराणं आठवतं. आपला माणूस पैशाच्या भानगडी मिटवतो, म्हणून मी फुन्दो घेईन. सोन्या-चांदीची नाणी तोलणाऱ्या सराफांचं ते वजन, गोलसर, दोन्ही कुशींत आत दबलेलं. जपानी नकाशांवर बँकेची खूण यावरूनच आली. माजी सामुराईच्या पाठीवर सराफाचं वजन कसं काय? त्याने घराण्याचं मूळ चिन्ह सोडलं का, विकलं का? गेमच्या लेखकाला फुकटात एक प्रकरण मिळालं.

फुन्दोचा आणखी एक फायदा म्हणजे ते डाव्या-उजव्या बाजूंनी सारखं आहे. मित्सुदोमोए, म्हणजे गोल फिरणारे तीन थेंब घेतले असते तर मिरर केलेल्या बाह्यांवर एक डावीकडे आणि एक उजवीकडे फिरताना दिसलं असतं.

चिन्ह काढताना फ्रीहँड ओढू नका. जपानी चिन्ह-कारागीर परंपरेने कंपासच वापरतात, वक्र रेषा वर्तुळांच्या तुकड्यांतून येते. तुम्हीही व्हेक्टरमध्ये वर्तुळं एकमेकांत कापून आकार काढा. पुरुषाच्या पोशाखावर चिन्ह जेमतेम 3.8 सेंटिमीटरचं असतं, स्क्रीनवर ते मोजक्या पिक्सेलांचं होईल. म्हणून दीडपट-दुप्पट करायला हरकत नाही. त्याच्या पलीकडे गेलात तर तो समारंभी पोशाख न राहता दुकानाच्या नोकराचा डगला वाटतो.

सहावी पायरी: काळा रंग आणि आतलं अस्तर

शुद्ध काळा वापरू नका. शून्य-शून्य-शून्य दिलंत की घड्या मरतात आणि रात्रीच्या दृश्यात माणूस गायब होतो. बेस कलर 30 च्या खाली नेऊ नये हा पीबीआरचा, म्हणजे खऱ्या प्रकाशाप्रमाणे मटेरियल दाखवण्याच्या पद्धतीचा, सर्वसाधारण संकेत इथे पाळा. पण मग काळ्यात कुठला रंग मिसळायचा? उत्तर रंगाऱ्यांकडे आहे. उत्तम काळं रेशीम रंगवताना आधी तांबड्याचा किंवा निळीचा हात द्यायचे आणि मग काळा चढवायचे, म्हणजे खोली येते. तांबड्यावरचा काळा ऊबदार, निळीवरचा थंड. आपल्या कोरड्या मध्यस्थाला निळीवरचा द्या, आणि त्याच्या सावकार प्रतिस्पर्ध्याला तांबड्यावरचा. खेळाडूला कारण सांगता येणार नाही, पण फरक जाणवेल. कापड हाबुताए, गुळगुळीत आणि मंद चकाकीचं. साटिनसारखी चमक आली तर रफनेस (मटेरियलचा खरखरीतपणा) वाढवा.

आणि आता सगळ्यात मजेची जागा, हाओरीचं अस्तर. एदो काळात सरकार वेळोवेळी प्रजेच्या उंची कपड्यांवर बंधनं घालायचं. शहरातल्या पैसेवाल्यांनी त्यावर तोड काढली: वरून साधा गडद कपडा, आतल्या अस्तरावर रंगवलेली चित्रं. वरची शिस्त आणि आतली हौस, ही चाल पुढेही टिकली. तुमचा ड्रॅगन काढायचाच असेल तर इथे काढा. मी मात्र दुसरं काहीतरी निवडेन: अस्तरभर रंगवलेली जुनी कर्जखतं, काहींवर लाल शिक्के. माणूस स्थिर असताना काही दिसत नाही. विशेष हल्ल्यात हाओरी मागे भिरकावला की अर्धा सेकंद ते अस्तर चमकतं. तेवढाच वेळ द्या. सतत दिसायला लागलं तर त्याची किंमत जाते.

सातवी पायरी: हा माणूस लढणार कसा

लांब बाह्या आणि पायघोळ हाकामा गेममध्ये शरीराच्या आरपार घुसतात. कापडाचं सिम्युलेशन लावून सुटका होईल असं वाटतं, पण मोबाइलवर ते परवडत नाही. आधी पोशाखातलेच उपाय वापरा. जपानी माणसालाही बाह्यांचा त्रास व्हायचाच. तो तासुकी नावाची दोरी पाठीवर फुलीसारखी बांधून बाह्या वर ओढून घ्यायचा, आणि हाकामाच्या कुशी (मोमोदाची) वर उचलून कमरेच्या पट्ट्यात खोचायचा. म्हणजे दोन मॉडेल बनवा: एक भेटीगाठींचं, हाओरीसकट, आणि एक लढाईचं, हाओरी उतरवलेलं, तासुकी बांधलेलं, हाकामा खोचलेला. मधे दोरी दातात धरून बांधायचं छोटं अ‍ॅनिमेशन टाका. क्लिपिंगचा, म्हणजे कापड शरीरात घुसण्याचा, प्रश्न बराचसा मिटतो, आणि खेळाडूला कळतं की बोलणी फिसकटली.

भेटीगाठींच्या मॉडेलला प्रत्येक बाहीच्या खालच्या भागात दोन-तीन बोनची (मॉडेल हलवणाऱ्या आतल्या हाडांची) साखळी पुरते. पुरुषाची बाही अंगाला बरीच खालपर्यंत शिवलेली असते, त्यामुळे ती फार हेलकावत नाही. हाकामाला पुढे, मागे आणि दोन्ही कुशींना साखळ्या द्या, आणि गुडघा पुढे आला की पुढची साखळी ढकलली जाईल असा कोलायडर, म्हणजे टक्कर ओळखणारा अदृश्य आकार, लावा.

बाईचं कॅरेक्टर असेल तर

थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. विवाहितेचा सर्वोच्च पोशाख कुरोतोमेसोदे: काळा, पाच चिन्हं, नक्षी फक्त कमरेखाली. अविवाहितेचा फुरिसोदे, सर्वांगावर नक्षी आणि लांबलचक बाह्या, सर्वांत मोठ्या प्रकारात 114 सेंटिमीटरच्या आसपास. अ‍ॅनिमेटरला आधी विचारा, मगच ही लांबी निवडा. दोन्हींची नक्षी शिवणी ओलांडून चित्रासारखी सलग जाते, म्हणून टाइल होणारं टेक्स्चर इथे चालत नाही, एकच मोठं टेक्स्चर रंगवावं लागतं. रुंद ओबीची गाठ पाठीवर येते, म्हणजे मागच्या कॅमेऱ्याला आयतं आकर्षण. समारंभाला गाठ पुढे बांधायची नाही. ती जुन्या करमणूक-वस्तीतल्या ओइरानची, म्हणजे वरच्या दर्जाच्या गणिकेची, खूण, आणि घरंदाज बाईवर ती दिसली की जपानी खेळाडू कपाळाला हात लावतो.

संदर्भ कुठे शोधायचे

दुसऱ्या गेमची चित्रं पाहून काढू नका, त्यातल्या चुकाही सोबत येतात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून आपल्या संग्रहातल्या कॉपीराइटमुक्त वस्तूंचे फोटो कुणालाही वापरायला मोकळे केले आहेत, त्यात किमोनो आहेत. जपानच्या राष्ट्रीय संग्रहालयांचा कोलबेस हा एकत्रित ऑनलाइन संग्रहही उघडा आहे. मेइजी काळातल्या माणसांचे स्टुडिओ फोटो मिळाले तर सोन्याहून पिवळं. पुष्कळ फोटोंत हाकामासोबत बोलर हॅट दिसेल. आपल्या मध्यस्थाला ती शोभेल का, याचा मी अजून विचार करतोय.

सोपवण्याआधी

मॉडेल करणाऱ्याला पाठवायच्या शीटवर समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी अशी चार चित्रं हवीत, कारण डावी-उजवी बाजू सारखी नाही. सोबत प्रत्येक थर वेगळा, चिन्हाची व्हेक्टर फाइल, अस्तराचं सपाट चित्र आणि लढाईचं मॉडेल. पूर्ण आकृती काळी भरून लहान करून पाहा. हाकामाचा तिरकेपणा, हाओरीची खालची कड आणि हातातला पंखा ओळखू येत नसेल तर रंगकामाला हात लावू नका, आकार दुरुस्त करा. मग रिग, म्हणजे हालचालीचा सांगाडा, तयार झाल्यावर त्याला जमिनीवर गुडघे मोडून बसवा, मिटलेला पंखा गुडघ्यांपुढे आडवा ठेवून वाकून नमस्कार करायला लावा. औपचारिक भेट अशीच सुरू होते, आणि हाकामा, बाह्या, गळपट्टी यांतलं जे काही फाटणार, घुसणार किंवा तरंगणार असेल ते याच एका हालचालीत सापडतं.